नेम कोणावर? : ऑनलाइन लढाईतील टार्गेट मॅक्रो

ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळातल्या प्रत्येक वारामागे दोन निर्णय असतात. कोणता वार करायचा हा पहिला, आणि तो कोणावर करायचा हा दुसरा. पहिला निर्णय कीबोर्डवरच्या एका कीने उरकतो. दुसऱ्यासाठी माउस शत्रूपर्यंत न्यावा लागतो, गर्दीतून नेमका तोच निवडावा लागतो आणि वार झाल्यावर आधीच्या शत्रूकडे परत यावे लागते. पडद्यावर सहा-सात राक्षस एकमेकांत मिसळलेले असताना एवढ्या हालचालीत सहज एक सेकंद जातो. तो वाचवण्यासाठी खेळाच्या आतच लिहून ठेवता येणाऱ्या छोट्या आज्ञावलीला मॅक्रो म्हणतात. एक की दाबली की त्यातल्या ओळी वरून खाली, एका क्षणात पार पडतात.

अशा आज्ञांचा उगम चित्रे नसलेल्या खेळांत आहे. १९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी मड हा बहुखेळाडूंचा खेळ तयार केला. त्यात सगळे काही शब्दांत टाइप करावे लागे. पुढे अशा खेळांसाठी निघालेल्या टिनटिनसारख्या प्रोग्रॅममध्ये लांबलचक आज्ञेला आखूड नाव देण्याची सोय आली. १९९९ च्या एव्हरक्वेस्टमध्ये पाच ओळींची बटणे होती, आणि साथीदार ज्याच्याशी लढत आहे त्यालाच आपले लक्ष्य करणारी ‘असिस्ट’ ही आज्ञाही होती. मात्र लक्ष्य निवडण्याची सर्वांत बारकाईने घडवलेली भाषा ब्लिझार्ड कंपनीच्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या खेळात आढळते. हा खेळ २३ नोव्हेंबर २००४ रोजी बाजारात आला. या प्रकरणातील उदाहरणे त्यातलीच आहेत.

चॅटच्या चौकटीत ‘/मॅक्रो’ टाइप केले की मॅक्रोची खिडकी उघडते. तिथे नाव द्यायचे, चित्र निवडायचे आणि मजकूर लिहायचा. मजकुराला २५५ अक्षरांची मर्यादा आहे, आणि रिकाम्या जागाही त्यात मोजल्या जातात. तयार झालेले चित्र अ‍ॅक्शन बारवर, म्हणजे पडद्यावरच्या बटणांच्या पट्टीवर, ओढून ठेवले की त्याला हवी ती की देता येते. इथे आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. खेळात त्या रोमन अक्षरांत, जोडून आणि अचूक स्पेलिंगसह टाइप कराव्या लागतात. मंत्रांची आणि वारांची नावे खेळाच्या निवडलेल्या भाषेतली लागतात. इंग्रजी आवृत्तीसाठी लिहिलेला मॅक्रो जर्मन आवृत्तीत चालत नाही. मराठी आवृत्ती नसल्याने आपल्याकडचे खेळाडू इंग्रजी नावेच वापरतात.

बदलापूर ते युरोप

या खेळाचे सर्व्हर भारतात नाहीत. मुंबईजवळच्या उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरमध्ये बसलेल्या खेळाडूला युरोपातल्या सर्व्हरवर खेळावे लागते, नाही तर २०१४ पासून सिडनीत असलेल्या सर्व्हरवर. व्हॅलोरंटसारख्या खेळांचे सर्व्हर मुंबईत असल्याने त्यांत पिंग, म्हणजे संदेशाला सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, सहसा अडचणीचा ठरत नाही. वॉरक्राफ्टमध्ये मात्र पिंग हा लढाईचाच एक भाग होऊन बसतो.

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. बदलापूर ते मुंबई सीएसएमटी हे सुमारे ६८ किलोमीटरचे अंतर कापायला लोकलला तासाहून अधिक वेळ लागतो. संदेशाला एक मिलिसेकंदही लागत नाही, म्हणजे उपनगर लांब आहे म्हणून काही बिघडत नाही. खरे अंतर मुंबईपुढे सुरू होते. मुंबईच्या किनाऱ्यावरून निघणाऱ्या आयएमईडब्ल्यूई, सी-मी-वी-४, एएई-१ या समुद्राखालच्या केबल अरबी समुद्र, तांबडा समुद्र आणि इजिप्त ओलांडून भूमध्य समुद्रात पोहोचतात. पश्चिम युरोप सरळ रेषेत ७,००० किलोमीटरच्या आसपास आहे, आणि केबलचा मार्ग त्याहून बराच लांब. त्यामुळे जाऊन-येऊन ७० मिलिसेकंदांच्या खाली जाणे निसर्गनियमानेच अशक्य आहे. प्रत्यक्षात पिंग साधारण १२० ते २०० मिलिसेकंदांच्या दरम्यान राहतो. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाहजवळ सी-मी-वी-४ आणि आयएमईडब्ल्यूई या दोन केबल तुटल्या, तेव्हा भारतातून पश्चिमेकडे जाणारी वाहतूक मंदावली होती. अशा दिवसांत घरातला राउटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी फरक पडत नाही.

घरातला दोष वेगळा असतो. उल्हासनगर हे सुमारे १३ चौरस किलोमीटरमध्ये ५ लाखांहून अधिक लोकवस्तीचे शहर आहे (२०११ च्या जनगणनेप्रमाणे ५,०६,०९८). एवढ्या दाटीत एकाच इमारतीतले अनेक वाय-फाय राउटर एकमेकांच्या लहरींवर चढतात आणि पिंग स्थिर न राहता खालीवर होत राहतो. सतत १५० असणारा पिंग परवडतो, कारण हाताला त्याची सवय होते. १२० वरून ३०० वर उडी मारणाऱ्या पिंगची सवय कधीच होत नाही. राउटरपासून संगणकापर्यंत साधी लॅन केबल टाकणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि तो कोणत्याही मॅक्रोच्या आधी करावा.

या विलंबाचा टार्गेटशी काय संबंध, हे एका उदाहरणाने स्पष्ट होते. शत्रू दोन सेकंदांचा मंत्र म्हणू लागला आहे आणि तो मधेच तोडायचा आहे. खेळाडूंच्या बोलीत याला ‘किक मारणे’ म्हणतात. पिंग १५० असेल, तर मंत्र सुरू झाल्याची खूण बदलापूरच्या पडद्यावर सुमारे ७५ मिलिसेकंद उशिरा दिसते, आणि दाबलेली की सर्व्हरला आणखी ७५ मिलिसेकंदांनी कळते. दोन हजारांतले १५० असे गेले. डोळ्याने पाहून बोट हलायला ३०० मिलिसेकंद धरले, तर हातात दीड सेकंद उरतो. त्यातला एक सेकंद माउसने योग्य शत्रू शोधण्यात गेला, तर राहतो अर्धा. मंत्र दीड सेकंदाचाच असेल, तर काहीच राहत नाही. मॅक्रो पिंग कमी करत नाही. तो फक्त शोधाशोधीचा सेकंद काढून टाकतो, आणि लांबच्या सर्व्हरवर खेळणाऱ्याला नेमका तोच हवा असतो.

खेळाने विलंबावर आपल्या परीने एक सोय ठेवली आहे. बहुतेक वारांनंतर दीड सेकंदाचा सक्तीचा विराम असतो. त्याला ग्लोबल कूलडाऊन म्हणतात. हा विराम संपायच्या आधीच्या ४०० मिलिसेकंदांत पुढची की दाबली, तर सर्व्हर ती लक्षात ठेवतो आणि विराम संपताच वार करतो. ही मुदत ‘स्पेल क्यू विंडो’ या नावाने बदलता येते. पिंग मोठा असणाऱ्याने ती फार कमी करू नये. मुदत पिंगहून लहान ठेवली, तर प्रत्येक वारामागे थोडा थोडा वेळ वाया जातो आणि त्याचे कारण लवकर उमगत नाही.

कंसांचे व्याकरण

मॅक्रोच्या ओळीत तीन भाग असतात: आज्ञा, चौकोनी कंसातल्या अटी आणि वाराचे नाव.

/कास्ट [@माउसओव्हर, हार्म, नोडेड] फायरबॉल

‘@’ या चिन्हानंतर वार कोणावर जाणार ते येते. ‘टार्गेट’ म्हणजे सध्या निवडलेला, ‘माउसओव्हर’ म्हणजे माउस ज्याच्यावर टेकला आहे तो, ‘फोकस’ म्हणजे वेगळा लक्षात ठेवलेला, ‘प्लेअर’ म्हणजे स्वतः, आणि ‘टार्गेटटार्गेट’ म्हणजे निवडलेला ज्याच्याकडे रोखून आहे तो. त्यापुढच्या शब्दांत त्याची पारख होते. ‘हार्म’ असेल तर त्याच्यावर हल्ला करता आला पाहिजे, ‘हेल्प’ असेल तर मदत. ‘डेड’ म्हणजे मेलेला, आणि कोणत्याही अटीमागे ‘नो’ लावले की अर्थ उलटतो. ‘नोडेड’ अनेकजण गाळतात आणि मग अडकतात. मेलेला शत्रूही ‘हार्म’च्या अटीत बसतो, त्यामुळे मॅक्रो प्रेतावर वार करायला जातो आणि पडद्यावर लाल अक्षरांत नकार येतो.

एका कंसात स्वल्पविरामाने जोडलेल्या सगळ्या अटी एकदम पूर्ण व्हाव्या लागतात. कंसापुढे कंस ठेवले, तर खेळ डावीकडून उजवीकडे वाचत जातो आणि जो पहिला कंस पूर्ण होईल तिथेच थांबतो. संध्याकाळी दादरला उभा असलेला बदलापूरचा प्रवासी असाच विचार करतो: बदलापूर फास्ट आली तर ती, नाही तर कर्जत किंवा खोपोली, तीही नसेल तर अंबरनाथपर्यंत जाऊन पुढचे पुढे. क्रम चुकवून अंबरनाथ आधी लिहिली, तर मागून येणाऱ्या बदलापूर लोकलचा विचारच होणार नाही. मॅक्रोमध्येही सर्वांत नेमकी अट सर्वांत आधी लिहायची आणि सर्वांत सैल अट शेवटी. अगदी शेवटी रिकामा कंस ‘[]’ ठेवला, तर त्याचा अर्थ ‘काहीही अट नाही, नेहमीप्रमाणे कर’ असा होतो.

अटींप्रमाणे वारच बदलायचा असेल, तर मधे अर्धविराम येतो.

/कास्ट [हेल्प, नोडेड] फ्लॅश हील; [हार्म, नोडेड] स्माइट

निवडलेला मित्र असेल तर त्याच्या जखमा भरायच्या, शत्रू असेल तर त्याला मारायचे. एका कीवर दोन कामे झाली. ‘मॉड:शिफ्ट’ ही अट घातली, तर शिफ्ट दाबून तीच की तिसरे कामही करू शकते. पण इथे हात आवरलेला बरा. चार कामांची की लढाईच्या धांदलीत पाचवेच काम करून बसते.

पहिल्या ओळीत ‘#शोटूलटिप’ लिहिले, तर बटणावर त्या वाराचे खरे चित्र आणि त्याचा कूलडाऊन, म्हणजे तो वार पुन्हा करता येईपर्यंतचा वेळ, दिसत राहतो. या ओळीचा वारावर परिणाम होत नाही, पण ती नसेल तर किक तयार आहे की नाही हे बटणाकडे पाहून कळत नाही.

हाताशी असावेत असे मॅक्रो

सर्वांत उपयोगी मॅक्रो किक मारण्याचा. त्यासाठी ‘फोकस’ समजून घ्यावा लागतो. फोकस म्हणजे दुसरे, बाजूला राखून ठेवलेले लक्ष्य. मुख्य लक्ष्य कितीही वेळा बदलले तरी फोकस जागचा हलत नाही. शत्रूंच्या टोळीत जो मंत्र म्हणणारा असेल, त्याला लढाईच्या सुरुवातीलाच फोकस करून ठेवायचे:

/फोकस [@माउसओव्हर, हार्म, नोडेड][]

आणि मग जादूगाराच्या किकसाठी:

#शोटूलटिप काउंटरस्पेल
/स्टॉपकास्टिंग
/कास्ट [@फोकस, हार्म, नोडेड][] काउंटरस्पेल

खेळाडू समोरच्या राक्षसाला मारत राहतो. मंत्र म्हणणाऱ्याची पट्टी भरू लागली की एक की दाबतो, किक फोकसवर जाते आणि मुख्य लक्ष्य जिथल्या तिथे राहते. फोकस मेला असेल किंवा ठरवलाच नसेल, तर शेवटच्या रिकाम्या कंसामुळे किक समोरच्या शत्रूवर जाते. ‘स्टॉपकास्टिंग’ची ओळ अशासाठी की जादूगार स्वतःच मंत्र म्हणत असेल, तर तो अर्धवट सोडल्याशिवाय दुसरा सुरू करता येत नाही. मात्र या ओळीची किंमत आहे. काउंटरस्पेल अजून कूलडाऊनवर असताना की दाबली, तर किक लागत नाही आणि स्वतःचा मंत्रही फुकट जातो. हा मॅक्रो घाबरून तीनदा दाबायचा नाही. योद्ध्याचे ‘पमेल’ किंवा ‘रोग’ या पात्राचे ‘किक’ यांसाठी ती ओळ लागतच नाही, कारण त्यांचे बहुतेक वार तत्क्षणी होणारे असतात. किकचे वार ग्लोबल कूलडाऊनच्या बाहेर असतात, म्हणून विराम चालू असतानाही ते लागतात.

२०१९ मध्ये आलेल्या क्लासिक आवृत्तीत मूळ खेळाप्रमाणेच फोकस नव्हता. तिथे हेच काम माउसओव्हरवर भागवावे लागे. माउसओव्हरची खरी गोडी मात्र वेगळ्या ठिकाणी आहे. शत्रूंच्या डोक्यावर नावांच्या पट्ट्या दिसतात. सहसा ‘व्ही’ या कीने त्या दाखवता किंवा लपवता येतात. माउस राक्षसाच्या अंगावर नेण्याऐवजी त्या पट्टीवर टेकवला तरी चालतो. राक्षस एकमेकांत घुसले तरी पट्ट्या एकाखाली एक रचता येतात. वॉरलॉक हे पात्र ‘करप्शन’ हा हळूहळू झिजवणारा शाप पाच शत्रूंवर टाकू पाहतो, तेव्हा

/कास्ट [@माउसओव्हर, हार्म, नोडेड][] करप्शन

एवढ्या एका ओळीने माउस पट्ट्यांवरून फिरवत आणि की दाबत ते पाचही जणांवर शाप टाकतो, आणि मुख्य शत्रूवरचा नेम ढळत नाही.

समोर उभे राहून लढणाऱ्यांसाठी वेगळा मॅक्रो लागतो. एक शत्रू पडला की पुढचा आपोआप निवडला जावा, पण जिवंत शत्रू निवडलेला असताना नेम बदलू नये:

/टार्गेटएनिमी [नोहार्म][डेड]
/स्टार्टअटॅक
/कास्ट मॉर्टल स्ट्राइक

पहिली ओळ दोनच परिस्थितींत चालते: लक्ष्य हल्ल्यायोग्य नसेल, किंवा मेलेले असेल. अनेकजण इथे ‘नोएक्झिस्ट्स’ अशी तिसरी अटही लिहितात. लक्ष्यच नसेल तर ‘नोहार्म’ आपोआप खरे ठरते, त्यामुळे ती नुसती अक्षरे खाते. या मॅक्रोचा धोका असा की खेळ जवळचा शत्रू निवडतो, तो लढाईत उतरलेलाच असेल असे नाही. अरुंद गुहेत शेवटचा राक्षस पडल्यावर की आणखी एकदा दाबली गेली आणि पलीकडे झोपलेली टोळी अंगावर आली, तर साथीदार हा मॅक्रो लिहिणाऱ्याला सहजी माफ करत नाहीत.

गटात खेळताना लक्ष्य ठरवण्याचा मान टँकचा, म्हणजे मार झेलणाऱ्या खेळाडूचा असतो. ‘/असिस्ट’ आणि त्याचे नाव एवढ्या आज्ञेने त्याचेच लक्ष्य आपले होते. स्वतःचे लक्ष्य न बदलता त्याच्या शत्रूवर वार करायचा असेल तर ‘टार्गेटटार्गेट’ कामी येतो. जखमा भरणारा प्रीस्ट टँकला निवडून उभा असतो आणि फावल्या वेळात

/कास्ट [हार्म, नोडेड][@टार्गेटटार्गेट, हार्म, नोडेड] स्माइट

अशी की दाबून टँकच्या समोरच्या शत्रूला मारतो. टँक निवडलेलाच राहतो, त्यामुळे त्याच्या रक्ताची पट्टी नजरेआड होत नाही. खुणांची आज्ञाही टँकच्या हाती असावी: ‘/टीएम ८’ शत्रूच्या डोक्यावर कवटी लावते, ‘/टीएम ७’ फुली. कवटी आधी मारायची आणि फुली नंतर, हा संकेत सगळीकडे पाळला जातो, त्यामुळे युरोपातल्या अनोळखी गटात भाषा न कळताही काम होते.

माणसाविरुद्ध माणूस अशा अरीनाच्या लढाईत शत्रूंना ‘अरीना१’, ‘अरीना२’, ‘अरीना३’ अशी ठरलेली नावे असतात. तिघांसाठी तीन किक-मॅक्रो तीन कीवर ठेवणारा खेळाडू शत्रू खांबाआडून फिरत असला तरी त्याला शोधत बसत नाही. आणि ज्या मंत्रांचा नेम माणसावर नसून जमिनीवर असतो, त्यांच्यासाठी ‘@कर्सर’ आहे. नेहमीचे हिरवे वर्तुळ आणि दुसरी क्लिक टळते. माउस जिथे आहे तिथेच आग पडते.

नावाने शोध

ठराविक शत्रू दरवेळी आधी मारायचा असेल, तर त्याचे नावच मॅक्रोत लिहिता येते. ‘/टार्गेट’ ही आज्ञा नावाच्या सुरुवातीच्या अक्षरांवरही समाधान मानते, त्यामुळे मिळत्याजुळत्या नावाचा भलताच प्राणी निवडला जातो. ‘/टार्गेटएक्झॅक्ट’ला पूर्ण नाव लागते. एल्विन फॉरेस्टमधला हॉगर हा नवख्यांचा जुना काळ. त्याच्यावर एक फटका मारून मूळ शत्रूकडे परत यायचे, असा मॅक्रो बहुतेकजण पहिल्यांदा असा लिहितात:

/टार्गेटएक्झॅक्ट हॉगर
/कास्ट [हार्म, नोडेड] फायर ब्लास्ट
/टार्गेटलास्टटार्गेट

हॉगर जवळ असेल तर हे चोख चालते. नसेल तर पहिली ओळ मुकाट्याने निष्फळ ठरते आणि लक्ष्य आधीचेच राहते. मग दुसरी ओळ त्या आधीच्यालाच फटका मारते, आणि तिसरी त्याच्याही आधीच्या, कदाचित केव्हाच दूर राहिलेल्या लक्ष्याकडे नेम वळवते. तीन ओळींत तीन वेगळे घोटाळे होतात आणि पडद्यावर चूक दाखवणारा एकही संदेश येत नाही. सुरुवातीला ‘/क्लीअरटार्गेट’ ही एक ओळ घातली, तर हॉगर न सापडल्यास लक्ष्य रिकामे राहते, ‘हार्म’ची अट पूर्ण होत नाही, फटका जात नाही आणि शेवटची ओळ मूळ शत्रूकडे आणून सोडते. एखादी ओळ निष्फळ झाली तर पुढच्या ओळी काय करतील, हे प्रत्येक मॅक्रो लिहिताना स्वतःला विचारावे. मॅक्रो कसा लिहावा याचे अर्धे उत्तर तिथेच मिळते.

मॅक्रोला जे दिसत नाही

मॅक्रोच्या अटींत एक मोठी पोकळी आहे आणि ती जाणूनबुजून ठेवलेली आहे. शत्रूचे रक्त किती उरले, वार कूलडाऊनवर आहे का, शत्रू या क्षणी मंत्र म्हणत आहे का, यातले काहीही मॅक्रोला विचारता येत नाही. दोन वारांमध्ये थांबण्याची आज्ञाही लढाईसाठी उपयोगी पडत नाही, कारण एका दाबाला ग्लोबल कूलडाऊनचा एकच वार होतो.

सुरुवातीची दोन वर्षे असे नव्हते. तेव्हा मॅक्रो आणि जोड-प्रोग्रॅम खेळाची स्थिती वाचून स्वतःच लक्ष्य निवडू शकत. डिकर्सिव्ह हा त्यातला सर्वांत गाजलेला. गटात कोणाला शाप लागला आहे हे तो शोधायचा, त्याला निवडायचा आणि शाप उतरवायचा. खेळाडूने फक्त एकच की दाबत राहायचे. डिसेंबर २००६ मधल्या २.० या सुधारणेने लक्ष्य निवडणे आणि मंत्र सोडणे ही कामे सुरक्षित यादीत टाकली. त्यानंतर ती फक्त खेळाडूच्या प्रत्यक्ष की-दाबाने आणि आधी लिहून ठेवलेल्या अटींनीच होऊ लागली. त्यावेळी अनेकांना हा अन्याय वाटला. पण त्या निर्णयानेच मॅक्रो लिहिण्याला अर्थ आला. कोणावर हे आधी ठरवून ठेवायची मुभा राहिली. केव्हा आणि काय हे मात्र खेळाडूच्या डोळ्यांवर आणि बोटांवर सोपवले गेले. ती सीमा नसती, तर लढाई दोन प्रोग्रॅममध्ये झाली असती.

सीमा ओलांडण्याचे प्रयत्न झालेच. ग्लायडर नावाचा प्रोग्रॅम खेळाडूच्या गैरहजेरीत पात्र चालवायचा. त्यावरून तो बनवणारी एमडीवाय कंपनी आणि ब्लिझार्ड यांच्यात चाललेल्या खटल्यात अमेरिकेच्या नवव्या सर्किट अपील न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये निकाल दिला. कराराच्या अटी मोडणे म्हणजे आपोआप कॉपीराइटचा भंग नव्हे, असे न्यायालयाने म्हटले, पण खेळाची संरक्षक यंत्रणा चुकवण्याचे साधन विकल्याचा ठपका एमडीवायवर ठेवला. नोव्हेंबर २०२० मध्ये ब्लिझार्डने एका कीचा दाब अनेक पात्रांना एकाच वेळी पाठवणारे सॉफ्टवेअरही बंद केले. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या गेमिंग कीबोर्डना स्वतःचे ‘मॅक्रो’ असतात, आणि त्यात अनेक की ठराविक अंतराने आपोआप दाबल्या जातात. ते खेळातल्या मॅक्रोहून वेगळे आहेत. एका दाबात एकच कृती, हा नियम ते मोडतात आणि खाते बंद होण्याची वेळ आणतात. २०२५ मध्ये खेळानेच दर दाबाला पुढचा वार स्वतः निवडून करणारे एक बटण दिले, पण ते वापरणाऱ्याला प्रत्येक वारामागे थोडा जास्त थांबा सोसावा लागतो.

‘/कास्टसीक्वेन्स’ ही आज्ञा या सीमेच्या अगदी कडेला आहे. ती दर दाबाला यादीतला पुढचा वार करते, आणि ‘रीसेट=टार्गेट’ लिहिले तर नवा शत्रू निवडताच पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. यादीतला एक वार अडला की ती तिथेच अडून बसते, म्हणून ती ठराविक क्रमाच्या दोन-तीन शापांपुरतीच ठेवावी.

फायनल फँटसी-१४ या दुसऱ्या ऑनलाइन खेळात विचार वेगळा आहे. तिथे मॅक्रोला १५ ओळी मिळतात आणि थांबण्याची आज्ञा चालते, पण वॉरक्राफ्टसारख्या अटी नाहीत. माउसखालचा, फोकस केलेला, लक्ष्याचे लक्ष्य अशा खुणा मात्र आहेत. मॅक्रोतून केलेला वार तिथे आगाऊ रांगेत लागत नाही, त्यामुळे मोठा पिंग असलेल्याने नेहमीचे वार मॅक्रोत घालू नयेत; अधूनमधून लागणाऱ्या उपचारांपुरताच त्याचा वापर करावा. मोबाइलवरच्या बहुतेक खेळांत जवळचा शत्रू खेळ स्वतःच निवडतो आणि मॅक्रोचा प्रश्नच उरत नाही.

चाचणी

नवा मॅक्रो थेट लढाईत वापरू नये. स्टॉर्मविंड आणि ऑर्ग्रिमार या राजधान्यांत सरावाचे पुतळे उभे असतात. त्यांच्यावर माउसओव्हर, ‘टार्गेटएनिमी’ आणि शिफ्टच्या अटी तपासता येतात. एक पुतळा फोकस, दुसरा लक्ष्य आणि तिसऱ्यावर माउस ठेवून की दाबली, की वार तिघांतल्या कोणावर जातो ते लगेच दिसते. मग फोकस काढून तीच की पुन्हा दाबायची, मग माउस बाजूला घेऊन, मग लक्ष्यही सोडून. प्रत्येक कंसाला एकदा तरी खरे ठरू द्यायचे आणि एकदा खोटे. पुतळे मंत्र म्हणत नाहीत, त्यामुळे किकचा मॅक्रो योग्य शत्रूवर जातो एवढेच तिथे कळते. वेळ साधते की नाही ते कळत नाही. त्यासाठी आपल्याहून बऱ्याच खालच्या पातळीचे मंत्र म्हणणारे शत्रू गाठावेत, दोघांना एकदम अंगावर घ्यावे, एकाला फोकस करून दुसऱ्याला मारत राहावे. ही चाचणी रात्री दहा-अकराच्या सुमारास, घरात टीव्ही आणि फोन वाय-फायवर चालू असतानाच करावी, कारण गटासोबत खेळण्याची वेळही तीच असते आणि तेव्हाचा पिंगच खरा.